लोटननानांची गारेगार गाडी

लोटननाना आमच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून वाटीभर साखर उसनी नेली आणि दुसऱ्या दिवशी पातेलंभर परत आणून दिली. मी म्हटलं, "नाना, मी वाटीच दिली होती." ते म्हणाले, "असेल. मी पाहिलं नाही." मला वाटलं, माणूस विसरभोळा दिसतोय. पण तसं नव्हतं. नाना वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर जगातली कुठलीही वस्तू मोजायची नाही, असं त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं.

नोकरीत त्यांचा फार दरारा होता म्हणे. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. माई सांगायच्या की भुसावळपासून पिंपळनेरपर्यंत कुठल्याही बाजारात नानांची सायकल टेकली की किराणा दुकानदार तराजूकडे बघून आधी नमस्कार करत. निळ्या मखमलीच्या पेटीत त्यांची पितळी वजनं असत. ती ते रुमालाने धरत, कारण बोटाच्या घामाने वजन वाढतं. असा माणूस पेटी सरकारला परत करून घरी आला आणि त्याच संध्याकाळी चहात साखरेचा डबाच उपडा करून मोकळा झाला. "मोजायला माझं आयुष्य गेलं, बाई," ते मला म्हणायचे. "आता ओतायचं."

ते खोकल्याचं औषध बाटलीला तोंड लावून पीत. शिंप्याला त्यांनी एकदा अख्खा कापडाचा तागा दिला आणि सांगितलं, "बसेल तेवढं शीव." सदरा गुडघ्याखाली आला. नानांनी तो वर्षभर घातला, आणि कोणी हसलं तर म्हणायचे, "हवा खेळते." थंडीत ते स्वतः भरीत करायचे. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायची, आणि मग वरून तेल सोडायचं. आता तेलाच्या बाबतीत आम्ही खान्देशातले लोक मुळीच मागे हटणारे नाही. भाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर आमच्याकडे पाहुणा आजारी आहे का, असं विचारतात. पण नानांचं भरीत खाऊन आमच्या कॉलनीतले दणकट लोकही दुसऱ्या दिवशी रजा टाकायचे.

त्यांच्या तीन भाषा होत्या. मी शाळेत शिकवते म्हणून माझ्याशी ते सरकारी पत्रकासारखं मराठी बोलत. घरच्यांशी अहिराणी. आणि मिस्त्री, गवंडी, पंक्चरवाला यांच्याशी हिंदी. ती हिंदी म्हणजे मुळात अहिराणीच असायची, फक्त शेवटी 'है' लावलेलं असायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला नानांनी गाडी घेतली. भुसावळकडचा कोणी इंजिनियर बदली होऊन जात होता, त्याची ही बारा-तेरा वर्षं जुनी गाडी. रंग कधीकाळी निळा असावा. दार लावताना आतून एकाने ओढायचं आणि बाहेरून एकाने ढकलायचं. पण मागच्या काचेवर 'वातानुकूलित' असा स्टिकर होता आणि नाना त्या स्टिकरवर भाळले. घरी आल्यावर कळलं की स्टिकर चांगला आहे, पण वातानुकूलन बंद आहे. बटण दाबलं की समोरच्या जाळीतून गरम हवा यायची आणि तिच्याबरोबर थोडी तूर उडून यायची, कारण मागच्या मालकाने कधीतरी गाडीतून तुरीचं पोतं नेलेलं होतं.

नानांनी हार मानली नाही. ऐन एप्रिलात ते चारी काचा घट्ट लावून गाडी चालवू लागले. जळगावचा एप्रिल ज्यांनी अनुभवला नाही त्यांना यातलं शौर्य कळायचं नाही. दुपारी बाहेर ठेवलेल्या बादलीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. अशा वेळी नाना बंद काचांच्या गाडीतून गावभर फिरून यायचे आणि उतरायचे ते विहिरीतून बाहेर काढल्यासारखे, निथळत. मी एकदा न राहवून विचारलं. ते रुमाल पिळत म्हणाले, "आतल्या गारव्यातून एकदम बाहेर आलं ना, की घाम फुटतो, बाई. शास्त्र आहे." आत माई बसलेल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

पण ही गाडी त्यांनी मिरवायला घेतली नव्हती, हे मला नंतर कळलं. ती घेतली होती अक्कांसाठी.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, धुळ्याला असायच्या. नानांची आई लवकर गेली. अक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. अक्कांचं लग्न झालं तेव्हा हा भाऊ बैलगाडीच्या मागे नदीपर्यंत रडत पळत गेला, आणि पुढच्याच आखाजीला मुराळी म्हणून बहिणीला आणायला गेला, तो अक्कांनीच शिवलेल्या चड्डीत. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. दूरदूर दिलेल्या लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि सासरच्यांची नावं घेऊन मनसोक्त उखाळ्यापाखाळ्या काढतात. तिला न्यायला जो भाऊ जातो तो मुराळी. नाना म्हातारे झाले तरी दर आखाजीला मुराळी होऊन धुळ्याला जात.

मग एका वर्षी एसटीने येताना अक्कांना पारोळ्याला ऊन लागलं. बसस्टँडच्या बाकावर त्यांना निजवलं, तळपायांना कांदा चोळला, तरी त्या शुद्धीवर यायला वेळ लागला. अक्कांचा मुलगा प्रकाश धुळ्याहून धावत आला आणि आईला परत घेऊन गेला. प्रकाश बँकेत होता, नियमाचा पक्का. त्याने त्याच दिवशी नियम केला: गुढीपाडव्यापासून पाऊस लागेपर्यंत आई उंबरा ओलांडणार नाही. झालं, आखाजी येते ती नेमकी वैशाखात. तेव्हापासून नाना अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधायचे, कॉलनीतल्या पोरी झोके घ्यायच्या, आणि अक्कांच्या नावाने तो झोका संध्याकाळी थोडा वेळ रिकामा ठेवलेला असायचा. माई म्हणायच्या, त्या दिवशी नाना नीट जेवत नाहीत.

नानांनी फोन करकरून शेवटी प्रकाशकडून एक सवलत मिळवली. गाडी आतून गार असेल तर आई येईल, आणि परतही गार गाडीतूनच येईल. नाहीतर नाही. मागून अक्कांचा आवाज आला, तो नाना मला वारंवार ऐकवायचे: "गारेगार गाडी लई ये, मंग मी येसू." अक्कांचे गुडघे गेले होते, डोळे जात होते. "यंदा आली नाही तर मग कधी, बाई?" नाना एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाले. त्या वेळी ते चक्क साधं मराठी बोलले होते.

आता यात अवघड काही नव्हतं. आमच्या भागात फ्रीज दुरुस्त करणारे शकूरभाई होते. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं, आत डोकावून बघितलं आणि निर्वाळा दिला, "नाना, थोडा गॅस बाकी है, बहुत निकल गया. मैं शाम तक भर देता हूँ. अंदर बरफ जम जाएगा." नाना हो म्हणाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नानांनी त्याच आठवड्यात वर्तमानपत्राची पुरवणी वाचली होती.

पुरवणीत लिहिलं होतं की फ्रीजमधला आणि गाडीतला हा जुना गॅस वर जाऊन आकाशातल्या एका थराला भोक पाडतो आणि त्यातून सूर्याचे वाईट किरण खाली येतात. भोक कुठे आहे तेही दिलं होतं, दूर दक्षिण ध्रुवावर. पण नानांनी ते शेवटपर्यंत वाचलं नाही. ते वर बघत म्हणाले, "तरीच. जळगावला इतकं ऊन का, ते आज कळलं." मी समजावलं की जळगावला ऊन पूर्वीपासून आहे. ते म्हणाले, "पूर्वी इतकं नव्हतं. आमच्या गाडीतला गॅस गेला तेव्हापासून वाढलंय." त्यांच्या मनाने घेतलं की त्यांच्या गाडीने जळगावच्या बरोबर वर भोक पाडलंय. दोन दिवस ते वाटेत भेटेल त्याची उन्हाबद्दल माफी मागत फिरत होते. दूधवाल्याला वाटलं नानांना ऊन लागलं.

तर नाना अडून बसले. भोक पाडणारा गॅस नको. "मी माझ्या बहिणीला गारव्यात बसवायचं आणि सगळ्या खान्देशाला उन्हात भाजायचं? हे होणार नाही." पुरवणीतच लिहिलेलं होतं की आता भोक न पाडणारा नवा गॅस निघालाय. शकूरभाईंनी तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "नया गॅस? अरे, वो तो मैं बाएँ हाथ से भरता हूँ." मग त्यांनी मुंबईच्या मेव्हण्याला फोन लावला आणि सगळं विचारून घेतलं. आखाजी जवळ आली होती.

(पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की हा नवा गॅस भोक पाडत नसला तरी जगाचं ऊन वाढवतोच. तोवर नाना गेले होते. बरंच झालं.)

मेव्हण्याने सांगितलेलं असं: नवा गॅस जुन्या तेलाबरोबर नांदत नाही. म्हणून जुना गॅस काढायचा, यंत्रातलं जुनं तेल काढून सगळ्या नळ्या धुऊन घ्यायच्या, रबराच्या चकत्या बदलायच्या, ओल शोषणारी डबी बदलायची, पंप लावून आतली हवा खेचून घ्यायची, मग नवं तेल मापाने घालायचं आणि मग नवा गॅस. मुंबईहून एका खोक्यात हे सगळं आलं. नाना कॉलनीला बोलावून बोलावून ते खोकं दाखवत होते.

पहिली अडचण जुना गॅस काढतानाच आली. शकूरभाईंनी पाना लावला आणि आता सोडणार, तोच नाना मध्ये पडले. "कहाँ छोड़ी राहिना है?" शकूरभाई म्हणाले, "हवा में. और कहाँ?" नानांनी वर आकाशाकडे बोट दाखवलं. शकूरभाईंना भोकाचं काही माहीत नव्हतं. ते सांगून झाल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडला नाही. शेवटी नानांनी कुठूनतरी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली. मेहनतीने नळी जोडून त्या दोघांनी उरलेला गॅस ट्यूबमध्ये भरला. ट्यूब फुगली. नानांनी ती दोरीने बांधून कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यामागे ठेवली आणि वर खडूने लिहिलं, 'सोडू नये'. नंतर ती हळूहळू बसत गेली. माईंनी दाखवलं तेव्हा नाना ट्यूबवर हात ठेवून म्हणाले, "गॅस निजला आहे. उठवू नको."

तेल घालायची वेळ आली तेव्हा शकूरभाईंनी औषधाच्या पेल्याने मोजून नवं तेल यंत्रात घातलं. इवलंसं तेल. नाना बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास मला कुंपणापलीकडून दिसत होता. मग शकूरभाई चहा प्यायला माझ्याकडे आले. माईंनी गाळणी मागायला मला हाक मारली म्हणून मी कुंपणाशी गेले, तर नाना बॉनेटमध्ये वाकलेले होते. हातात तेलाचा डबा. चेहऱ्यावर तीच तृप्ती, जी त्यांच्या चेहऱ्यावर भरीत करताना असते. मला बघून ते म्हणाले, "इतक्या तेलात एक वांगं होत नाही, बाई. हे तर केवढं यंत्र आहे."

मला गाडीतलं काही कळत नाही, त्यामुळे मला ते पटलंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चाचणी झाली. चाचणीला मला पुढे बसवलं, कारण नानांच्या मते मला घाम लवकर येतो आणि म्हणून माझ्यावर परिणाम नीट दिसेल. मागे शकूरभाई, चेहरा नवरदेवाचा. काचा बंद. बटण दाबलं. जाळीतून थोडी गार वाटणारी हवा आली, मग कोमट, मग चक्क आमच्या घराच्या गच्चीवरची हवा. मेहरूणचा तलाव येईपर्यंत माझी साडी पाठीला चिकटली होती. नाना म्हणाले, "गारवा मुरतोय. मुरायला वेळ लागतो." शकूरभाई मागून म्हणाले, "नाना, ये गारवा नहीं, ये तो हमाम है." तरी नाना काचा खाली करू देईनात. तलावाला वळसा घालून आलो तेव्हा मला वाटलं की अक्कांच्या आधी मलाच पारोळ्याच्या बाकावर निजवावं लागणार.

शकूरभाईंनी सगळं पुन्हा उघडलं. नळीच्या तोंडातून तेल आलं. येतच राहिलं. त्यांनी खाली तसराळं ठेवलं, ते भरलं. मग त्यांनी डोक्याला हात लावला, कारण नळ्यांच्या आत सगळीकडे तेलाचा थर बसला होता. तेलाने लडबडलेल्या नळ्यांना गॅसचा गारवा लागणार कुठून. त्यांनी नानांकडे बघितलं. नाना कडुनिंबाकडे बघत होते.

"नाना, तुमने डाला?"

"थोडासा."

"नाना, ये कंप्रेसर है. भरीत नहीं है."

माई आत इतक्या हसल्या की त्यांच्या हातून उलथणं पडलं. पण नाना हसले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले. मुंबईहून आलेला गॅस जवळजवळ सगळा गेला होता आणि आखाजी तोंडावर आली होती. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "तिला मी सांगितलंय गाडी गार झाली म्हणून. तिने पिशवी भरून ठेवली असेल, बाई. आता तिला काय सांगू?" त्यांचे डोळे भरले होते. मला नानांचा कधी इतका राग आला नव्हता आणि त्यांची कधी इतकी दयाही आली नव्हती.

शकूरभाई चिडून निघून गेले होते. ते संध्याकाळी परत आले. मेव्हणा रात्रीच्या गाडीने नवा डबा पाठवत होता. त्यांनी एकच अट घातली. तेल घालताना नाना गल्लीच्या तोंडाशी उभे राहतील. नाना राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला पानाच्या टपरीपाशी, पाठ इकडे करून, हात मागे बांधून. पूर्ण काम होईपर्यंत त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. माईंनी त्यांच्यासाठी तिथेच चहा पाठवला.

या वेळी गाडी गार झाली. शकूरभाईंनी जाळीसमोर हात धरला आणि मग कोणी विचारलं नसताना तो गार हात स्वतःच्या गालाला लावून घेतला.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना मुराळी होऊन निघाले. नवं धोतर, टोपी, कपाळाला गंध. माईंना सणाचं रांधायचं होतं म्हणून शाळेला सुट्टी असलेली मी बरोबर गेले. पहाटे निघालो. धुळ्याला पोचलो तर प्रकाश दारात उभाच. त्याने मामाला नमस्कार केला आणि थेट गाडीत जाऊन बसला. काचा लावून घेतल्या. बराच वेळ आत बसून राहिला. नाना बाहेर या पायावरून त्या पायावर होत होते. शेवटी दार उघडलं. प्रकाश म्हणाला, "मामा, आणखी थोडा वेळ बसू का?" अक्का दारातूनच म्हणाल्या, "ऊठ तठून. मले जाणं शे."

अक्का पुढे बसल्या. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, डोळ्यांवर जाड भिंगं. नानांनी सगळ्या जाळ्या त्यांच्याकडे वळवल्या, जराही हवा दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये अशा. मी मागच्या सीटवर शिजत होते. नाना रस्ता कमी आणि बहीण जास्त बघत होते.

"गार लागी राहिनं का, अक्का?"

"हा भाऊ."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा "हा." पारोळा यायच्या आत अक्कांनी पदर डोक्यावरून ओढून कानांवर घेतला. मग हात पदरात घेतले. मग त्यांनी मागे वळून मला त्यांची पिशवी मागितली. त्यांनी माईंसाठी स्वतः शिवलेली गोधडी आणली होती, ती काढून अंगावर घेतली. बाहेर डांबर वितळत होतं. रस्त्याकडेला म्हशी डबक्यात नाकापर्यंत बुडाल्या होत्या.

"भाऊ, मले हिव वाजी राहिनं. बंद कर आते."

"नही," नाना म्हणाले. "इतली मेहनत कसाले करी मंग?"

अक्कांनी गोधडी हनुवटीपर्यंत घेतली आणि हसल्या. पारोळ्याच्या बसस्टँडसमोर नानांनी मुद्दाम गाडी हळू केली. कांदा चोळला होता ते बाक तिथेच होतं. नानांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने ते नोकरीत खोट्या तराजूकडे बघत असावेत. मग पुढे निघालो.

आमच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा उन्हात अख्खी कॉलनी जमली होती. एकाने आतून ओढलं, दोघांनी बाहेरून ढकललं, आणि ऐन वैशाखात, दुपारी, गोधडी पांघरलेल्या अक्का खाली उतरल्या. बाहेरच्या गरम हवेने त्यांच्या चष्म्याच्या काचा एकदम धुरकट झाल्या. त्यांना काही दिसेना. त्या जागच्या जागी उभ्या राहून म्हणाल्या, "माय, आठे केवढं ऊन शे." माईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. नाना बाजूला उभे होते. शकूरभाईही आले होते. त्यांनी भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली होती की नवा गॅस भरणारे जळगाव जिल्ह्यात ते एकटेच आहेत.

अक्कांची आखाजी झाली. त्या झोक्यावर बसल्या, सासरच्यांच्या सात पिढ्या उकरून काढल्या, आमरसाची वाटी नाना भरत राहिले आणि त्या रिकामी करत राहिल्या. चार दिवसांनी त्यांना परत पोचवायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी नानांनी गाडी सुरू केली तर आतून गरम वारा. शकूरभाईंना बोलावलं. त्यांनी सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून तपासलं. कुठेही गळती नाही, आणि गॅस तर थेंबभर नाही. ते बॉनेटवर टेकून विचार करत बसले. म्हणाले, इतक्या वर्षांच्या धंद्यात असं पाहिलं नाही. मुंबईचा डबाही संपला होता. नानांनी प्रकाशला फोन लावला आणि फार दुःखी आवाजात सांगितलं की गाडी गार होत नाही. प्रकाश नियमाचा पक्का. तो म्हणाला, मग आईला या उन्हात आणू नका. अक्का पाऊस लागेपर्यंत माहेरी राहिल्या. लग्न झाल्यापासून त्या इतके दिवस कधीच राहिल्या नव्हत्या.

शकूरभाईंना तो गॅस कुठे गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला माहीत होतं. आता नाना नाहीत, अक्काही नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी उजाडताना मी अंगणात पाणी मारायला उठले होते. कुंपणापलीकडे गाडीचं बॉनेट उघडं होतं. नाना उपरण्याने हात गुंडाळून, चमच्याचा दांडा कशावर तरी दाबून वाकून उभे होते, आणि बारीक फुस्स असा आवाज येत होता. शेजारी अक्का होत्या. एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर आडोसा करून त्या गल्लीकडे लक्ष ठेवून होत्या.

"वर भोक पडाव नही ना?" अक्कांनी हळूच विचारलं.

"नही. हाऊ नवा गॅस शे."

"बठ्ठा गया का मंग?"

"आखो थोडा शे."

"तो बी जाऊ दे," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी आपला हात नानांच्या हातावर ठेवून चमचा आणखी दाबला.